दोघांनी उतरवायचा चौघांचा ट्रक

सकाळी सहाची पाळी. फोनवर दोन निरोप येऊन पडलेले: एकाला ताप, दुसऱ्याच्या घरी अडचण. ट्रक मात्र अगदी वेळेवर येऊन दाराशी लागलेला. आत बाराशे खोकी आणि उतरवायला तुम्ही दोघंच. अशा वेळी कोणीतरी म्हणतंच, "चल, पटापट उरकून टाकू." दुकानाच्या गोदामात मी जेवढी दुखापत पाहिली, त्यातली बरीचशी या "पटापट"पासूनच सुरू झाली.

माणसं निम्मी झाली की वेळ दुप्पट लागणार, हे कोणालाही कळतं. तरी प्रत्यक्षात वेळ तेवढाच धरला जातो आणि मधल्या पायऱ्या गाळल्या जातात. चाकाला ठोकळा लावायचा राहतो. दोघांनी धरायचं खोकं एकटाच उचलतो. पाणी प्यायचं विसरतं. त्या गाळल्या जाणाऱ्या पायऱ्या एकेक करून इथे मांडतो आहे. माल उतरवणाऱ्यांनी हे वाचावं आणि पाळी सांभाळणाऱ्यांनीही वाचावं, कारण यातले निम्मे निर्णय त्यांच्या हातात असतात.

आधी हिशेब, मग हात

ट्रकच्या दाराला हात लावण्याआधी कागदावर दोन मिनिटं घालवा. समजा १,२०० खोकी आहेत आणि एकेक सरासरी ९ किलोचं आहे. म्हणजे एकूण १०,८०० किलो. चौघं असतील तर माणशी २,७०० किलो, दोघं असाल तर माणशी ५,४०० किलो. हा झाला एका हाताळणीचा आकडा. पण खोकं एकदाच कुठे हाताळलं जातं? ट्रकमधून पॅलेटवर (माल रचायच्या लाकडी चौकटीवर), पॅलेटवरून जमिनीवर, जमिनीवरून रॅकवर, अशा तीन वेळा उचललं तर माणशी १६,२०० किलो होतात. म्हणून माणसं कमी असतील त्या दिवशी पहिला प्रश्न हाच विचारायचा: यातली कुठली हाताळणी टाळता येईल? ट्रकमधून उतरवतानाच विभागवार पॅलेट लावले तर खोकं जमिनीवर टेकतच नाही. एक हाताळणी वाचली की माणशी ५,४०० किलो वाचले. कितीही चपळाई केली तरी एवढं वाचत नाही.

आता वेळ. एका माणसाने मिनिटाला तीन खोकी उतरवली तर ६०० खोक्यांना २०० मिनिटं लागतात. त्यात पाणी, विसावा, पॅलेट बाहेर नेणं धरलं की चार तास होतात. हा आकडा काम सुरू होण्याआधीच पाळीप्रमुखांना सांगा, काम अर्ध्यावर आल्यावर नको. सांगताना तक्रारीचा सूर लागू देऊ नका, सरळ माहिती द्या: "सर, बाराशे खोकी आहेत आणि आम्ही दोघं आहोत. नीट उतरवायला चार तास लागतील, दहाला ट्रक रिकामा होईल. तोपर्यंत शेल्फ भरणं होणार नाही. असं चालेल, की कोणाला मदतीला पाठवताय?"

या बोलण्यात आकडा आहे, वेळ आहे आणि काय होणार नाही तेही आहे. निर्णय त्यांच्यावर सोपवला आहे. "जमणार नाही" एवढंच म्हटलं की वाद सुरू होतो. आकडा पुढे ठेवला की उत्तर द्यावं लागतं. "नाही, आठलाच रिकामा हवा," असं आलं तर विचारा, "मग काय सोडायचं तेवढं सांगा." अर्धा ट्रक आत्ता आणि अर्धा दुपारी? ट्रेलर (ट्रकच्या मागचा सुटा होणारा डबा) सोडून ड्रायव्हरला जाऊ द्यायचं? काउंटरवरचा एखादा माणूस तासभर? मदतीला नवखा माणूस आला तर त्याला हलकी खोकी रचायला, लेबलं तपासायला किंवा वाट मोकळी ठेवायला लावा. पॅलेट जॅक (पॅलेट उचलून न्यायची हातगाडी) त्याच्या हातात देऊ नका आणि उंच थप्पीजवळही पाठवू नका.

हिशेबाबरोबर जागाही बघा. उतरवलेला माल कुठे जाणार ते ठरलेलं नसेल तर तो मिळेल तिथे टेकवला जातो, आणि तिथून पुन्हा वाकून उचलावा लागतो. दार उघडण्याआधी पॅलेटची जागा मोकळी करा, वाटेतले पट्ट्यांचे तुकडे, प्लास्टिक, सांडलेलं पाणी काढा. रिकामे पॅलेट आडवेच एकावर एक ठेवा. भिंतीला उभा टेकवलेला लाकडी पॅलेट वीस-पंचवीस किलोचा असतो आणि नुसत्या धक्क्याने पायावर येतो.

दार उघडण्यापूर्वी

ही पाच कामं याच क्रमाने करा. सगळी मिळून दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

१. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली ड्रायव्हरकडून घेऊन ठरलेल्या जागी टांगलेली. "काम झाल्यावर किल्ली मीच आणून देतो," असं त्याला तोंडाने सांगा. माणूस आत असताना ट्रक पुढे सरकणं हा या कामातला सगळ्यात भयंकर अपघात आहे. त्यातले बरेच "मला वाटलं उतरवून झालं" यातून होतात.

२. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. ब्रेक लावलेला ट्रेलरही, जड पॅलेट जॅक आतबाहेर करताना बसणाऱ्या धक्क्यांनी इंच इंच पुढे सरकतो. ट्रक आणि डॉक (माल उतरवायचा ओटा) यांमधली फट वाढत जाते आणि एका फेरीला ती फट झाकणारी डॉकची पाटी सटकते.

३. ट्रेलर ट्रकपासून सोडलेला असेल तर पुढच्या टोकाखाली आधार आहे का ते बघा. आत जड वजन पुढे गेलं की नुसत्या पायांवर उभा ट्रेलर पुढे कलू शकतो.

४. डॉकची पाटी दोन्ही कडांना नीट बसली आहे का, तिची क्षमता जॅक आणि माल मिळून होणाऱ्या वजनापेक्षा जास्त आहे का, ते पाहा. डॉक साधारण सव्वा मीटर उंच असतो. तिथून मागच्या मागे पडणं किरकोळ नसतं. ट्रक लागलेला नसेल तेव्हा डॉकचं दार बंदच ठेवा.

५. आत उजेडाची सोय. ट्रेलरच्या टोकाला अंधार असेल तर दिवा लावा, मोबाईल तोंडात धरून काम करू नका. तळ ओला आहे का, फळी फुटली आहे का, खिळा वर आला आहे का, हेही दार उघडल्यावर त्याच उजेडात बघून घ्या.

दार: एका वेळी एकच

हे मी स्वतः शिकलो ते असं. मागे लोक कमी असलेल्या एका दिवशी मी दोन्ही दारं एकदम ओढली. वाटेत ब्रेक लागून आतला माल मागे सरकला होता आणि दारालाच टेकून उभा होता. कपडे धुण्याच्या द्रावणाची खोकी, चार-चार डबे भरलेली, वरच्या रांगेतून खाली आली. मी बाजूला उडी मारली. माझ्या मागे माझा सोबती उभा होता, त्याच्या पायाच्या बोटांवर एक खोकं पडलं. बूट साधे होते. दोन बोटं मोडली आणि सहा आठवडे तो घरी बसला. मी ओरडून त्याला "मागे हो" म्हणायला हवं होतं. आज दार उघडताना मी दर वेळी तसं म्हणतो, मागे कोणी नसलं तरी.

दोन पाखी दार असेल तर एकच पाखं उघडा, आणि उघडताना दाराच्या आडोशाला राहा, उघडणाऱ्या फटीसमोर उभं राहू नका. आधी थोडीशी फट करा. कडी सोडताना दार आतून दाबलं जातंय असं हाताला जाणवलं तर तिथेच थांबा. माल दारावर आला आहे. वर सरकणारं शटर असेल तर ते वितभर उचला, खाली वाकून आत बघा, मग बाजूला उभं राहून वर न्या. दोरी किंवा पट्टी हाताला गुंडाळू नका. ट्रकला खाली पडणारा फाळका असेल तर तो दोघांनी धरून उतरवा आणि त्याच्या खालून कोणी जात नाही ना ते बघा.

माल रोखणारे आडवे दांडे आणि पट्टे शेवटी सोडायचे, तेही थप्पी नजरेने तपासल्यावर. कललेली थप्पी सरळ करायला आतून ढकलू नका. वरची खोकी बाहेरच्या बाजूने एकेक काढून तिची उंची कमी करा.

थप्पी उतरवायची ती जिन्यासारखी

ट्रेलर भरताना खोकी तळापासून छतापर्यंत भिंतीसारखी रचतात. उतरवताना घाईतला माणूस छातीच्या उंचीवरची, हाताशी येतील ती खोकी आधी ओढतो, आणि वरची रांग आधाराशिवाय राहते. दुसरी चूक म्हणजे वर पोचण्यासाठी खालच्या खोक्यांवर चढणं. पुठ्ठा आतून मऊ पडलेला असतो, पाय थेट आत जातो.

वरची रांग आधी काढा, पण एकाच उभ्या ओळीत तळापर्यंत खोल जाऊ नका. एका ओळीची वरची एक-दोन, मग शेजारच्या ओळीची, असं करत समोरचा भाग जिन्यासारखा उतरता ठेवा. समोरच्या कुठल्याही ओळीची उंची शेजारच्या ओळीपेक्षा दोन खोक्यांहून जास्त नको, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं. खांद्यापेक्षा उंचावरच्या खोक्यांसाठी पायरीचा पक्का स्टूल आत न्या. वरचं खोकं काढण्याआधी तळहाताने किंचित ढकलून वजन अजमावा. ते जागचं हललं नाही तर एकट्याने डोक्यावरून काढायचं नाही.

एक जण थप्पी काढत असताना दुसरा त्याच्या अगदी मागे किंवा त्याच थप्पीखाली नको. दोघांनी एका थप्पीला दोन बाजूंनी भिडलं तर काम लवकर होतं असं वाटतं; पडणारं खोकं मात्र ज्याचं लक्ष नाही त्याच्याकडेच येतं.

२३ किलोचे ५ किलो कसे होतात

कामावर लागताना सगळ्यांना एकच धडा मिळतो: गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा. धडा चुकीचा नाही, पण तेवढ्याने भागत नाही. माल उचलण्याच्या प्रशिक्षणावरच्या अभ्यासांचा २०११ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, तेव्हा नुसत्या अशा सल्ल्याने पाठदुखी टळते याचा पुरावा सापडला नाही. खोकं कुठे ठेवलं आहे, किती लांब आहे आणि मिनिटाला किती उचलावी लागतात, यावर पाठीचं सगळं अवलंबून असतं.

अमेरिकेत 'नायॉश' नावाची कामगार-आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिने वजन उचलण्याचं एक सूत्र बसवलं आहे. त्यात सुरुवात २३ किलोपासून होते. मात्र हे २३ किलो सगळं मनासारखं असेल तेव्हाचे: खोकं अंगाशी, कमरेजवळच्या उंचीवर, धरायला चांगली पकड, वळणं नाही, आणि उचलणं क्वचित. आता आपल्या ट्रकमधली परिस्थिती एकेक करून त्यात घाला.

खोकं पुढच्या रांगेच्या पलीकडे आहे, म्हणून हात लांब करावे लागतात. पायाच्या घोट्यापासून हातांपर्यंतचं आडवं अंतर २५ सेंटिमीटरऐवजी ५० झालं की मर्यादा सरळ निम्मी होते, साडेअकरा किलो. खोकं जमिनीवर आहे, तर आणखी कमी होऊन सुमारे ९ किलो. उचलून बाजूच्या पॅलेटवर ठेवायला कमरेतून काटकोनात वळलात तर सुमारे सव्वासहा. आणि असं मिनिटाला चार वेळा, दीड-दोन तास चालू राहिलं तर साडेचार किलोच्या आसपास. माणूस तोच असतो, पण खोक्याची जागा आणि कामाचा वेग यांनी त्याची सुरक्षित मर्यादा पाचपटीने खाली आणली.

हेच उलट्या दिशेने वाचलं की उपाय हाताशी येतात. खोकं आधी अंगाशी ओढून घ्या, मग उचला. आडवं अंतर कमी करण्याएवढा फायदा दुसऱ्या कशातच नाही. पॅलेट थेट जमिनीवर ठेवण्याऐवजी खाली दोन-तीन रिकामे पॅलेट घालून वर आणा, म्हणजे पहिल्या थरासाठी वाकावं लागणार नाही. खालचे पॅलेट सारख्या मापाचे आणि न मोडलेले हवेत. उंच-खाली होणारं टेबल असेल तर ते याच कामासाठी आहे, कोपऱ्यात धूळ खात ठेवू नका. पॅलेट इतका जवळही ठेवू नका की पाय न हलवता नुसतं कमरेतून वळून खोकं टाकता येईल. पाऊल-दीड पाऊल अंतर ठेवलं की पाय आपोआप वळतात आणि कंबर वाचते.

पहाटेच्या ट्रकबद्दल आणखी एक. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपली उंची एक-दोन सेंटिमीटर जास्त भरते ती यामुळेच. उठल्यावर पहिल्या तासात कंबर वाकवली तर त्या चकत्यांवर ताण जास्त येतो. म्हणून घरून उठून थेट ट्रकमध्ये शिरू नका. किल्ली, ठोकळे, जागा मोकळी करणं ही उभ्याने, चालत करायची कामं आधी घ्या, कमरेच्या उंचीवरची खोकी त्यानंतर आणि जमिनीलगतची सगळ्यात शेवटी.

कमरेच्या पट्ट्याचं विचाराल, तर त्याच्या भरवशावर राहू नका. दुकानांत माल हाताळणाऱ्या ९,३७७ कामगारांवर १६० दुकानांत केलेला नायॉशचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पट्टा बांधल्याने पाठीच्या दुखापती किंवा पाठदुखी कमी होते, असं त्यात दिसलं नाही. पट्टा बांधला की आपण जास्त उचलू शकतो असं वाटतं, हाच त्यातला धोका. डॉक्टरांनी दुखण्यासाठी दिला असेल तर गोष्ट वेगळी.

दोघांनी उचलायचं ते दोघांनीच

लोक कमी असले की पहिला बळी जातो तो जोडीने उचलण्याचा. सोबती ट्रकच्या बाहेर असतो, हाक मारायचा कंटाळा येतो, आणि "एवढं तर काय" म्हणत माणूस एकटाच वाकतो. म्हणून जड आणि लांबडा माल ट्रकमध्ये दिसला की लगेच हात लावू नका. तो बाजूला ठेवा आणि दर अर्ध्या तासाने दोघं मिळून एकदम काढा. वेळ वाया जात नाही आणि "नको, मी करतो" म्हणायची पाळी येत नाही.

दोघांची मिळून क्षमता दोघांच्या बेरजेएवढी नसते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाचा ठोकताळा असा की दोघांची मिळून ताकद बेरजेच्या साधारण दोन तृतीयांश भरते, कारण उंची वेगळी, पकड वेगळी आणि पावलंही वेगळी पडतात. उचलण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: कुठे न्यायचं, मागे चालणारा कोण, हाक कोण देणार. एकच जण बोलेल: "एक, दोन, तीन, उचल." ठेवतानाही तसंच. हात निसटतोय असं वाटलं तर गप्प बसून ओढू नका, "ठेव, ठेव" म्हणा आणि खाली ठेवा.

पॅलेट जॅक आणि रोलर

हाताने चालवायचा पॅलेट जॅक साधारण दोन ते अडीच टन उचलतो. आपण तेवढं थांबवू शकत नाही, हे ध्यानात ठेवूनच तो चालवायचा. सपाट जमिनीवर तो ढकला, ओढू नका. ओढताना तुमचे घोटे आणि टाचा त्याच्या वाटेत येतात, शिवाय हात मागे ताणलेला आणि मान वळलेली राहते. ढकलताना समोरचं दिसत नसेल एवढा उंच पॅलेट असेल तर तो दोन भागांत न्या.

उतारावर भरलेला जॅक नेताना तुम्ही नेहमी वरच्या बाजूला असायला हवं, म्हणजे जॅक सुटला तरी तुमच्यापासून दूर जाईल. चढताना तो तुमच्या मागून ओढला जाईल, उतरताना तुमच्या पुढे असेल. उतार तीव्र असेल तर एकट्याने नेऊच नका. सुटलेला जॅक पायाने किंवा अंगाने अडवायला जाऊ नका. ओरडा आणि बाजूला व्हा. मालाचं नुकसान भरून निघतं. जॅकवर उभं राहून सरकत जाणं, काटे वर ठेवून जॅक सोडून जाणं, या दोन्ही गोष्टी माणसं दमल्यावर करतात. थांबलात की काटे जमिनीला टेकवा.

रोलरच्या लाईनवर (फिरत्या नळ्यांच्या सरकपट्टीवर) खोकी सोडत असाल तर शेवटी अडसर लावा आणि लाईन भरून आली की तिथला माणूस "थांब" म्हणेल, आत असलेला थांबेल, हे आधीच ठरवा. बोटं दोन खोक्यांच्या मध्ये नकोत, वरून धरा. ट्रकच्या मागची टेल लिफ्ट (माल वर-खाली नेणारी फळी) हलवताना कडेपासून पाय आत ठेवा आणि चाकं असलेल्या ट्रॉलीचा ब्रेक लावल्याशिवाय बटण दाबू नका.

कटरबद्दल थोडक्यात: पातं आपोआप आत जाणारं घ्या, अंगापासून दूर कापा, आणि ज्या हातात कटर नाही त्या हातात कापरोधक हातमोजा घाला, कारण जखम त्याच हाताला होते. ताणलेली प्लास्टिक पट्टी कापताना तोंड बाजूला ठेवा, तुटल्यावर ती चाबकासारखी उडते. आणि बूट पुढे पोलादी किंवा कडक टोपीचे, तळ न घसरणारा. ही खरेदी मालकाने करायची असते. करत नसेल तर लेखी मागा.

उन्हात तापलेला ट्रेलर

बंद पत्र्याचा ट्रेलर उन्हात उभा राहिला की आत बाहेरपेक्षा कितीतरी जास्त तापतो, आणि हवा हलत नाही. तहान लागेपर्यंत थांबू नका. दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे साधारण २५० मिलिलिटर पाणी प्या. एकदम दोन लिटर ढोसण्यापेक्षा हे बरं. तासाला साधारण १.४ लिटरच्या वर तर जाऊच नये. ट्रेलरच्या तोंडाशी पंखा लावा आणि आत कोण किती वेळ राहतो त्याची अदलाबदल करा.

नवा माणूस, किंवा आठवडा-दोन आठवडे रजेवरून आलेला जुनाही, उन्हाच्या कामाला सरावलेला नसतो. नव्याला पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त आत ठेवू नका, मग रोज तेवढाच हिस्सा वाढवत न्या. लोक कमी आहेत म्हणून नव्या पोरालाच दिवसभर आत ठेवणं फार घातक आहे.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पेटके आले की बाहेर सावलीत. बोलणं अडखळू लागलं, वागणं विचित्र झालं, माणूस कोसळला, तर तो उष्माघात समजा, मग अंगाला घाम असो वा नसो. लगेच रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत अंगावर गार पाणी ओता, काखेत आणि मानेला बर्फ लावा, वारा घाला. त्याला एकटं सोडू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आत, रॅकपाशी

माल उतरला की गोदाम तुडुंब होतं आणि वाटा बंद होतात. बाहेर पडायचं दार, विजेच्या पॅनेलसमोरची ९० सेंटिमीटर जागा आणि आग विझवायचं नळकांडं, या तीन ठिकाणी "पाच मिनिटांपुरतं"सुद्धा काही ठेवू नका. छताला पाण्याचे फवारे असतील तर त्यांच्याखाली ४५ सेंटिमीटर मोकळं हवं, नाहीतर आग लागल्यावर पाणी पसरतच नाही. जड माल कमरेच्या उंचीवर, हलका वर. शिडीवर चढताना तीन टेकू, म्हणजे दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय, सतत टेकलेले हवेत. हातात खोकं घेऊन हे शक्य नाही, म्हणून खोकं वर देणारा दुसरा लागतो. तो नसेल तर त्या दिवशी वरचा रॅक भरायचा नाही.

अगदी एकटे असाल तर

काही पाळ्यांना दोघंही नसतात. तेव्हा ट्रकमध्ये शिरण्याआधी कोणाला तरी सांगा: "आत जातोय, दर वीस मिनिटांनी निरोप देतो, नाही आला तर येऊन बघ." फोन खिशात ठेवा, टेबलावर नको, खोक्याखाली सापडलेल्या माणसाला टेबल लांब असतं. ट्रेलरच्या टोकाला फोन लागतो का ते एकदा आत जाऊन बघून ठेवा. शिडी, उतारावरचा भरलेला जॅक, कललेली थप्पी आणि डोक्यावरचं जड खोकं, ही चार कामं एकट्याने करायची नाहीत. ती दुसऱ्या माणसाची वाट बघतील.

थांबायचं कधी आणि कसं

चाकाला ठोकळा नाही, पाटी हलते आहे, थप्पी कललेली आहे, सोबती चक्कर येऊन बसला आहे. यातलं काहीही असलं तर काम थांबवा. "मी कामाला नाही म्हणत नाही, पाटी बसवली की लगेच सुरू करतो," असं कारण आणि अट दोन्ही सांगा. जीवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर कामावरून बाजूला होणाऱ्याला त्याची शिक्षा मिळू नये, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ सालच्या १५५ क्रमांकाच्या करारात, कलम १३ मध्ये लिहिलेलं आहे. जून २०२२ मध्ये या संघटनेने सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाची जागा हा कामगारांच्या मूलभूत हक्कांमध्ये धरला. प्रत्येक देशाचा कायदा हे किती आणि कसं लागू करतो ते वेगळं असतं, म्हणून तुमच्या कामगार संघटनेकडून किंवा कामगार कार्यालयातून तुमचे नियम आधीच, शांत दिवशी विचारून ठेवा.

आणि लिहा. छोटी वही पुरे: तारीख, वेळ, किती माणसं, किती खोकी, काय बिघडलं, कोणाला सांगितलं, ते काय म्हणाले. दुखापत न होता थोडक्यात चुकलेलंही त्यात टिपा. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही. "गेल्या महिन्यात आठ ट्रक आले, त्यातले पाच आम्ही दोघांनी उतरवले आणि तीन वेळा थप्पी पडली," असं वहीतून वाचून दाखवलं की जास्त माणूस मागण्याला वजन येतं. बाकीच्यांनाही टिपायला सांगा. एकट्याची वही म्हणजे एकट्याची कुरकुर ठरवली जाते.

लागलंच तर

पाठीत चमक भरली की बहुतेक जण उरलेला ट्रक "कसाबसा" संपवतात आणि घरी गेल्यावर सांगतात. तसं करू नका. तिथेच थांबा, त्याच दिवशी सांगा आणि लिहून घ्या: किती वाजता, कुठलं खोकं, कुठून कुठे नेताना. उशिरा सांगितलं की दुखापत कामावरच झाली हे पटवून देणं अवघड जातं, आणि उपचाराचा खर्च अंगावर येतो.

साध्या पाठदुखीत दिवसेंदिवस पडून राहू नका. झेपेल तेवढं चालत-फिरत राहिल्याने लवकर बरं वाटतं. मात्र जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा लघवी अडकणं, पायातली ताकद जाणं, यातलं काही झालं तर ताबडतोब रुग्णालयात जा. सकाळपर्यंतसुद्धा थांबू नका. मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्याची ही खूण असते आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

परत कामावर येताना पहिल्याच दिवशी ट्रकवर उभं राहू नका. लेबलं, मोजणी, हलका माल यांपासून सुरुवात करू द्या, असं डॉक्टरांकडून लिहून आणा. आणि ज्या खोक्याने दुखापत झाली, त्याच्या बाजूवर मोठ्या अक्षरांत वजन आणि "दोघांनी उचला" असं छापायला माल पाठवणाऱ्यांना कळवा. मोडलेल्या पुठ्ठ्याचा, वर जड आणि खाली हलकं रचलेल्या थप्पीचा फोटो सोबत जोडा. तीच खोकी पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार असतात.